टेक्सासच्या गॅरेजात अडलेला नट

इथं टेक्सासात शनिवारी लोक गाडीचं ऑइल बदलतात, गवत कापतात, आणि आमच्या शेजाऱ्यासारखे काही जण बंदूक खोलून बसतात. गॅरेजचं दार सताड उघडं, रेडिओ सुरू, येणारे-जाणारे हात दाखवून पुढं निघतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या माझ्यासारख्याला पहिल्यांदा धडकीच भरते.

त्याची रायफल एआर-१५ जातीची, पण नळी आखूड, साडेदहा इंची. नळी तापते म्हणून हाताखाली एक आवरण असतं, त्याला हँडगार्ड म्हणतात. जुनं प्लास्टिकचं काढून त्याला लांब अॅल्युमिनियमचं बसवायचं होतं. हे नवं नळीला कुठंच टेकत नाही, मागच्या नटावरच उभं राहतं. त्यामुळं हाताच्या दाबानं नेम सरकत नाही. पण नवं बसवायचं तर नळी आवळून धरणारा जुना बॅरल नट काढावा लागतो, आणि तोच हटून बसला होता.

मी टॉर्च धरून उभा. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथल्या केंद्रीय कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असला की सूट मिळते, म्हणून आपले बरेच जण तो काढतात. मी नाही काढला. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या माणसानं असल्या भानगडीत बोट घालू नये.

तेवढ्यात दिग्रसहून मामेभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. "दादा, काय करून राह्यला तू? थे काय होय?" मी फोन वाइसकडं, म्हणजे वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्याकडं फिरवला.

नट पोलादाचा, नळी जिच्यात बसते ती बॉडी अॅल्युमिनियमची. बॉडी नुसती वाइसमध्ये धरून पाना ओढला तर बॉडीच पिळली जाते. म्हणून मागून एक दांडा घालतात. त्याचे दाते नळीच्या बुडातल्या खाचांत बसतात आणि सगळा जोर दांड्यावर जातो. त्याआधी नळीच्या तोंडावरचा, ज्वाळा लपवणारा फ्लॅश हायडर उतरवावा लागतो, नळीवरच्या नेमाच्या खुंटाच्या दोन पिना ठोकाव्या लागतात. पिना निमुळत्या असतात, त्यामुळं एकाच बाजूनं निघतात. उलट्या बाजूनं ठोकाल तर आणखीच घट्ट. मग गोळीचा गॅस मागं नेणारी बारीक नळी काढायची, कारण ती नटाच्या दात्यांमधूनच आत गेलेली असते.

"गरम करा ना त्याले!" मामेभाऊ ओरडला. "आमी बेअरिंग असंच काढतो." शेजाऱ्याला सांगितलं तर तो हसला, हीट गन त्यानं आधीच काढून ठेवली होती. थोडी ऊब दिली, लांब पाना लावला, टक्क आवाज आला आणि नट सुटला.

आता या नळीच्या लांबीची गंमत. १९३४ च्या कायद्याप्रमाणं रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असली की ती केंद्र सरकारकडं नोंदवावी लागते. फोटो, बोटांचे ठसे, आणि २०० डॉलर कर. तो कर नव्वद वर्षं तेवढाच राहिला. १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी मात्र कायम. अशी रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी लेखी परवानगी लागते. पण नट, नळी, हँडगार्ड हे सगळं टपालानं घरी येतं, कारण कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे नंबर कोरलेला खालचा भाग. आपल्याकडं १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात, आणि विनापरवाना नळी आखूड करणं हा कलम ६ प्रमाणं गुन्हा. आखूड नळीला दोन्हीकडचे कायदे बिचकतात, कारण ती अंगावर लपते.

मामेभावाला मात्र कायद्यात रस नव्हता. "याले एवढी बुटकी कायले पाह्यजे?" रानडुकरांसाठी, मी म्हटलं. पिकअपमधून चढता-उतरता लांब नळी अडते. मग त्याचे कान टवकारले. टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं रानडुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. २०११ च्या कायद्यानं हेलिकॉप्टरमधूनही मारायची मुभा दिली.

"आन् आमी झटका मशीन लावून बसतो," तो म्हणाला. म्हणजे कुंपणाला विजेचा झटका देणारं यंत्र. खरंच आहे. त्याच्या तुरीत डुकरं, हरभऱ्यात रोही म्हणजे नीलगाई, आणि थंडीत रात्रभर जागल. वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. मला तरी वाटतं, गावोगाव बंदुका वाटणं हा काही उपाय नव्हे. जिथं वाघ फिरतो तिथं अंधारात गोळ्या झाडणं म्हणजे नवीन आफत. कुंपण आणि वेळेवर भरपाई एवढं मिळालं तरी माणसं रात्री झोपतील.

तोवर शेजाऱ्यानं आट्यांना ग्रीस लावून नवा नट चढवला होता. आवळताना टॉर्क पाना. सैन्याच्या पद्धतीत ३० फूट-पाउंडला आवळून सोडायचं, असं करून आटे बसवतात. मग ३० ते ८० च्या मध्ये गॅसची नळी सरळ आत जाईल तिथं थांबायचं. ठरलेला जोर आला की पाना 'क्लिक' करतो.

"थांब, थांब, पुन्हा वाजव बरं थो," मामेभाऊ म्हणाला. शेजाऱ्यानं वाजवून दाखवला. "दादा, बंदूक राहू दे. थो पाना केवढ्याचा हाय, इचार. ट्रॅक्टरच्या हेडले लागते मले."