तुम्ही विचारलंत म्हणून: पाठीवरचा वारा

डोंगराळ वाळवंटातून दिवसभर सायकल चालवून आलो की भेटणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: सगळ्यात जास्त छळले कशाने, उन्हाने, चढाने की समोरच्या वाऱ्याने? माझे उत्तर या तिन्हींत बसत नसल्यामुळे विचारणाऱ्याची बहुधा निराशा होते. मला सगळ्यात जास्त छळतो तो चढावर पाठीमागून येणारा मंद वारा.

हे मी चेष्टेने म्हणत नाही. मागच्या अशाच एका दिवसाचा हिशेब सांगतो. अंतर १३० किलोमीटर, वाटेत दोन खिंडी, आणि दुसऱ्या खिंडीचा चढ ११ किलोमीटरांत ६०० मीटर. मी, सायकल, सामान आणि पाणी मिळून वजन सुमारे १०५ किलो. एवढे ओझे त्या चढावर ताशी ८ किलोमीटर वेगाने न्यायचे तर पेडलवर साधारण १४० वॅट शक्ती लावावी लागते. पण माणसाचे शरीर हे मोठे उधळे यंत्र आहे, ते जेवढी ऊर्जा खर्च करते तिचा जेमतेम पाव हिस्सा पेडलपर्यंत पोहोचतो आणि बाकीची उष्णता होऊन अंगातच साठू लागते. म्हणजे चढ संपेपर्यंत जवळजवळ ५०० वॅटची शेगडी पोटात घेऊन बसायचे. हवा ३५ अंशांच्या वर गेली, म्हणजे त्वचेपेक्षा गरम झाली, की ही उष्णता बाहेर टाकायला घाम उडून जाणे हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम उडताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, तेव्हा नुसती स्वतःची शेगडी विझती ठेवायलाच तासाला पाऊण लिटरच्या आसपास घाम उडावा लागतो. वरचे ऊन आणि खालचे तापलेले डांबर यांचा हिशेब वेगळा.

यात सगळा भार ‘उडावा’ या शब्दावर आहे. गळून पडलेला घाम काहीच थंड करत नाही, तो फक्त पाणी वाया घालवतो. घाम उडवायला अंगावरून हवा वाहती हवी, आणि नेमकी तीच दुपारच्या चढावर मिळत नाही. त्याचे कारण डोंगरातच आहे. सूर्य वर आला की उतार तापतात, त्यांना लागलेली हवा हलकी होऊन वर सरकू लागते आणि दरीतला वारा खालून वर, खिंडीकडे वाहू लागतो. तुम्हीही त्याच दिशेने निघालेले असता. वारा ताशी ८ किलोमीटर आणि तुम्हीही ताशी ८ किलोमीटर असलात, तर तुमच्यापुरती हवा थांबलेली असते. वाळवंटाची हवा कितीही कोरडी असली तरी कपाळावरचा थेंब मग उडत नाही. तो नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबतो, लोंबतो आणि सायकलच्या नळीवर पडतो. त्या दिवशी नळीवर पडलेले थेंब वाळून मिठाचे पांढरे ठिपके उरत होते, आणि खालच्या गावापासून सोबत आलेली एक माशी हँडलच्या टेपावर निवांत पाय चोळत बसली होती. माशी उठून गेली नाही, यावरूनच वारा किती असेल ते ओळखावे.

अशा वेळी डोक्यावर पाणी ओतून घेणारे पुष्कळ आहेत. छायाचित्रात ते छान दिसते, पण ओतलेले पाणीही उडावेच लागते, आणि निम्मे तर रस्त्यावर जाते. त्यापेक्षा सुती फडके भिजवून मानेभोवती बांधावे आणि बाटलीतले पाणी, चिमूटभर मीठ घालून, पोटात जाऊ द्यावे.

पहिली खिंड मी पहाटे पार केली होती. रात्री उतार थंड झालेले असतात, गार आणि जड हवा दरीतून खाली घरंगळत येत असते, म्हणजे चढणाऱ्याच्या थेट तोंडावर. पाय थोडे जास्त दुखतात, वेग थोडा कमी होतो, पण अंग कोरडे राहते. समोरच्या वाऱ्याबद्दल तक्रार करणाऱ्यांना मी म्हणूनच पहाटे निघायला सांगतो.

उताराचे दुखणे याच्या नेमके उलट आहे. खिंडीवरून ताशी ४५ किलोमीटर वेगाने खाली सुटलात की घाम दिसतच नाही, निघता निघताच तो उडालेला असतो. आपल्याला घामच येत नाही अशी समजूत होते, हात ब्रेकवर अडकलेले असल्यामुळे बाटली काढता येत नाही, आणि पायथ्याशी पोहोचेपर्यंत जीभ टाळूला चिकटलेली असते. मी ही चूक दोनदा केली आहे. दुसऱ्या वेळी पायथ्याशी उतरून उभा राहिलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. आता खिंडीत दहा मिनिटे थांबून, तहान असो वा नसो, अर्धा लिटर पाणी प्यायल्याशिवाय मी ब्रेक सोडत नाही.

त्या दुसऱ्या चढावर शेवटच्या तीन किलोमीटरांत रस्ता नागमोडी झाला. एक टप्पा वाऱ्याबरोबर, वळण घेतले की पुढचा टप्पा वाऱ्याला तोंड देऊन. प्रत्येक वळणानंतर सदरा पाठीपासून सुटायचा, मान गार पडायची, माशी दिसेनाशी व्हायची. माझ्या पुढे असलेला एक सायकलस्वार हे टप्पे मान खाली घालून, दात-ओठ खात, शक्य तितक्या लवकर उरकत होता आणि वाऱ्याबरोबरच्या टप्प्यांवर श्वास घ्यायला रेंगाळत होता. मी वाऱ्याला तोंड देणाऱ्या प्रत्येक टप्प्यावर मुद्दाम एक गिअर हलका केला, बाटली काढली आणि सावकाश चढलो.