राजाराम पूल ते डोणजे आणि परत: पहिल्या मॅरेथॉनआधीचे ३२ किलोमीटर

डिसेंबरचा शेवटचा रविवार. पहाटे सव्वाचारला पुण्यात राजाराम पुलाजवळ आम्ही अकरा जण जमलो, तेव्हा बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे बरोबर तीन आठवडे हातात. इथून पुढे अंतर कमी करत न्यायचं, त्यामुळे हाच आमचा सगळ्यात मोठा लाँग रन. चौघांची पहिलीच फुल मॅरेथॉन, त्यातली एक मी.

आधी तीन रविवारांपूर्वीचं सांगते, कारण त्याशिवाय या रविवारची गोष्ट कळणार नाही. तेव्हा २८ किलोमीटर होते. मी पुढच्या गटाबरोबर निघाले, किलोमीटरला सहा मिनिटं चाळीस सेकंदांच्या पेसने. गप्पा रंगल्या होत्या, पाय हलके वाटत होते, बावीसपर्यंत कसलीच तक्रार नव्हती. चोविसाव्याला दोन्ही पोटऱ्या आवळून आल्या आणि उरलेलं अंतर चालत संपवलं. पुढचा अख्खा आठवडा जिना उतरताना कठडा धरावा लागत होता. ग्रुपमध्ये पळण्याचा मोठा धोका हाच. दुसऱ्याचा पेस आपला वाटायला लागतो, आणि त्याची किंमत दोन तासांनी कळते.

म्हणून या वेळी मी काकांच्या मागे राहिले. काका त्रेसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त, सात मॅरेथॉन झालेल्या. त्यांच्याकडे पेस तपासायची एक रीत आहे. मध्येच विचारतात, "अगं, काल रात्री काय जेवलीस?" मी म्हटलं, "मुगाची खिचडी, वर तूप, आणि दोन केळी खाल्ली काका." एका दमात सांगता आलं, म्हणजे पेस बरोबर. शब्द तुटायला लागले की लगेच कमी करायचा. आम्ही किलोमीटरला सव्वासात ते साडेसात मिनिटांच्या मध्ये होतो आणि जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच राहिलो.

साडेचारला निघालो. सिंहगड रोडला उड्डाणपुलावर चढू नका, खालूनच जा. धायरी फाट्यापर्यंत रस्त्यावर दिवे आहेत, नांदेड फाटा सोडला की अंधार वाढत जातो. डोक्याला टॉर्च हवाच, आणि सगळ्यात मागच्या माणसाच्या पाठीला लाल लुकलुकणारा दिवा. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने पळतो. किरकटवाडी फाट्याच्या आसपास कुत्री अंगावर येतात. तिथे सगळे एकत्र येऊन चालायला लागतो, कुणी पळायचं नाही. ती मागे राहिली की पुन्हा सुरू. एकट्या बाईने या रस्त्यावर पहाटे निघणं मला जमलं नसतं, हे मोकळेपणाने सांगते. ग्रुपचा माझ्यासाठी पहिला उपयोग हाच आहे.

खडकवासला गावातून धरणाकडे जाताना चढ लागतो. तिथे घड्याळ बघायचं नाही, श्वास बघायचा. पावलं लहान, नजर चार हातांवर. मुंबईत परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटर पायांत असताना पेडर रोडचा चढ येतो, त्याची तालीम म्हणून काकांनी हा रस्ता निवडलाय. धरणाजवळची चौपाटी तेव्हा बंद होती, कणसांच्या गाड्यांवर ताडपत्र्या. पुढे पाण्याच्या कडेकडेने डोणजे. तिथे सोळा किलोमीटर होतात, वेळ साधारण साडेसहा.

आमच्यातल्या एकीचे यजमान दर मोठ्या रनला सपोर्टची गाडी आणतात. नांदेड फाटा, चौपाटी, डोणजे आणि परतताना पुन्हा तीच ठिकाणं. डोणज्याला काकांनी स्टीलचा डबा उघडला. आत उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, वर जाडं मीठ आणि जिरं. थंडीने बोटं आखडली होती, फोड हातातून निसटत होती, पण ते मीठ जिभेला लागलं आणि अंगात जीव आला. २८ च्या दिवशी मी भूक लागेपर्यंत काही खाल्लं नव्हतं, ती दुसरी चूक. शरीरातला साखरेचा साठा बहुतेकांचा तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, आणि संपल्यावर खाऊन उपयोग होत नाही. पहिल्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांपासूनच थोडं थोडं पोटात जायला हवं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं असा हिशोब आहे. एका जेलमध्ये, म्हणजे पळताना खायच्या गोड, घट्ट रसाच्या पुडीत, साधारण २० ते २५ ग्रॅम असतात. जेल, खजूर, चिक्की, काहीही चालेल, पण मॅरेथॉनच्या दिवशी जे खाणार तेच लाँग रनला खाऊन बघा. नुसतं पाणी ढोसत राहू नका. रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते खरोखर धोक्याचं आहे. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला. आणि प्रत्येकाने आपला पेला आणायचा. त्या धरणाचं पाणी पुणं पितं, तिथे प्लास्टिकचे कप टाकून येणं शोभत नाही.

परतताना सात-पाचला आम्ही धरणावर होतो आणि सूर्य वर आला. पाण्यावर धुकं होतं. काका म्हणाले, "आई सांगायची, एकसष्टच्या बारा जुलैला पानशेतचं धरण फुटलं आणि मग हे खडकवासल्याचंही." नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही, फक्त बुटांचा आवाज.

इथून पुढे अंधार नाही, पण गाड्या आहेत. रविवारी सकाळी सगळं पुणं सिंहगडाकडे निघतं. म्हणून साडेचारच्या पुढे निघू नका, अगदी उशीर झाला तर अंतर कमी करा. सव्विसाव्याला माझी उजवी मांडी घासायला लागली. गाडीत व्हॅसलीनची डबी होती, तिने वाचवलं. निघतानाच लावलं असतं तर ही वेळ आली नसती. काखेत, मांड्यांना, बायकांनी ब्राच्या पट्टीखाली लावाच. एकोणतीसला काकांनी पुन्हा विचारलं, "घरी गेल्यावर काय खाणार?" मी म्हटलं, "पोहे." एकच शब्द निघाला. त्यांनी पेस उतरवला, आणि मागचे तिघेही न सांगता हळू झाले.

पावणेनऊला राजाराम पूल. माझ्या घड्याळात ३१.८ दिसत होते. मी उरलेल्या दोनशे मीटरसाठी फेरी मारायला वळले तर काकांनी दंड धरला. "झालं. आता चाल." दहा मिनिटं चाललो, मग मीठ घातलेलं ताक आणि केळी. पोटऱ्या ठणकत होत्या, पण आवळल्या नव्हत्या.

पुढच्या रविवारी २०, त्याच्या पुढच्याला १२. तेच बूट, तेच मोजे. पाच वाजता, पुलाजवळच.