नाव काय ह्याचं?
"अगं, देठाजवळचे खांदे हिरवेच आहेत, पिकू दे की अजून," म्हणत शेजारच्या काकूंनी टोमॅटो हलकेच दाबला आणि गप्पच झाल्या. चांगला मऊ होता. पिकलेलाच.

रोप कंपोस्टच्या कुंडीत आपोआप उगवलेलं. फळ चपटं, देठाशी चुण्या, रंग विटकरीकडून जांभळ्याकडे झुकलेला. फोटो पाहून मैत्रीणीने टोमॅटोच्या एका वाणाचं नाव घेतलं, "चेरोकी पर्पल! शंभर टक्के!" (फोटोवरून शंभर टक्के कसं होतं कुणास ठाऊक.)

मग सालीचा एक पापुद्रा सोलून उजेडात धरला. पिवळसर! टोमॅटोची साल बिनरंगी असेल तर लाल गराचं फळ गुलाबी दिसतं, पिवळी असेल तर लालभडक. चेरोकी पर्पलची साल बिनरंगी, म्हणजे ते बाद. त्याचंच भावंड चेरोकी चॉकलेट मात्र पिवळ्या सालीचं. पानं कातरलेली, तेव्हा बटाट्यासारख्या पानांचं ब्रँडीवाइन हे वाणही नसावं.

पण बी संकरित फळातून पडलं असेल तर याला मुळात नावच नाही!

बी धरून ठेवलंय. पुढची रोपं सगळी सारखी निघाली तर जुनं वाण, दहा तऱ्हा निघाल्या तर संकर. तोवर कुंडीवरच्या पाटीवर काय लिहू?