चीर पडण्याआधीचा तास

ऑपरेशननंतर टाक्यांत पू झाला की नातेवाईक विचारतात, "अँटिबायोटिक कमी पडलं का हो?" पुण्यात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना मी मात्र केसपेपरवर आधी दोन वेळांची नोंद शोधते: अँटिबायोटिकचा डोस कधी गेला आणि चीर कधी पडली.

सेफाझोलिन हे अँटिबायोटिक 2 ग्रॅम शिरेतून, चीर पडण्याआधीच्या 60 मिनिटांत. वजन 120 किलो किंवा त्याहून जास्त असेल तर 3 ग्रॅम. वॉर्डात सकाळी सहाला टोचलं आणि यादी लांबून पेशंट नऊला टेबलावर आला, तर जंतू आत शिरायच्या वेळी औषध उतरणीला लागलेलं असतं. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये तर मांडीचा पट्टा फुगवण्याआधी पूर्ण डोस जायला हवा, एकदा रक्त अडलं की औषध पायात पोचतच नाही. व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक सावकाश, तासभर तरी सोडावं लागतं. घाई केली की अंग लाल होतं, बीपी उतरतं. म्हणून ते 120 मिनिटं आधीपासून सुरू करता येतं. ऑपरेशन 4 तासांवर गेलं किंवा दीड लिटर रक्त गेलं, तर सेफाझोलिनचा पुन्हा डोस.

आदल्या रात्री घरी ब्लेडने केस काढून येऊ नका, हे मी कळकळीने सांगते. ब्लेडचे बारीक ओरखडे म्हणजे जंतूंना उघडं दार. केस आडवे येत असतील तरच क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, तेही त्याच दिवशी.

उपाशीपोटी यायला सांगितलं तरी चहाला कुणी खाणं धरत नाही. सासवडहून पहाटे निघालेला पेशंट चहा घेऊनच गाडीत बसतो. म्हणून "काही खाल्लंत का?" असं न विचारता मी विचारते, "काका, उठल्यापासून तोंडात काय काय गेलं?" दूध पोटातल्या आम्लाने फाटून घट्ट होतं, दुधाच्या चहानंतर 6 तास थांबावं लागतं, तळलेल्या किंवा मटणाच्या जेवणानंतर 8. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. भुलीत खोकला आणि गिळणं थांबतं. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जातं.

आमच्या हातांबद्दल फार कमी बोललं जातं. श्वासाची नळी घालून लॅरिंगोस्कोप, म्हणजे घसा बघायचं उपकरण, बाहेर काढला की हातमोजे लाळेने ओले असतात, आणि तोच हात पुढे श्वास द्यायच्या बॅगवर, मशीनच्या बटणावर, औषधांच्या ट्रॉलीवर, सलाईनच्या थ्री-वेवर, म्हणजे नळीच्या तिहेरी जोडावर, जातो. मी दोन जोड घालते. नळी बसली की वरचा जोड लॅरिंगोस्कोपच्या पात्याभोवती उलटा ओढून टाकते. नळी पक्की झाली की आतलाही काढून हाताला सॅनिटायझर. सलाईनच्या नळीवरचा सुई टोचायचा पोर्ट दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने 15 सेकंद घासायचा आणि वाळू द्यायचा. दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल हे भुलीचं, तेलातलं औषध असल्याने जंतूंना त्यात आयतं खाद्य मिळतं. एक व्हायल, म्हणजे औषधाची बाटली, एकाच पेशंटला, सिरिंजमध्ये भरलेलं 6 तासांत वापरायचं, उरलेलं टाकायचं. कितीही महाग असो, पुढच्या पेशंटसाठी ठेवायचं नाही.

स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून भूल, देताना मास्क लागतोच. आपल्या तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंनी मेंदूज्वर झाल्याची उदाहरणं आहेत. क्लोरहेक्सिडीन-स्पिरिट हे जंतुनाशक लावल्यावर त्वचा किमान 3 मिनिटं वाळू द्यावी. बेंबीत किंवा पाठीखाली साचलेलं टिपून घ्यावं, नाहीतर कॉटरीच्या, म्हणजे रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणाच्या, ठिणगीने पेट घेतं.

भूल दिल्यावर पहिल्या तासात शरीर 1 ते दीड अंशाने थंड होतं, कारण गाभ्यातली ऊब त्वचेकडे पसरते. 36 अंशांखाली त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि जखमेची जंतूंशी झुंज ढिली पडते. डिसेंबरच्या सकाळी पातळ गाऊनमध्ये कुडकुडत आलेल्या पेशंटला भुलीआधीच अर्धा तास गरम हवेच्या ब्लँकेटखाली ठेवलेलं बरं.

डिस्चार्जच्या कागदावर पाच दिवसांच्या गोळ्या नसल्या की घरचे अस्वस्थ होतात. स्वच्छ ऑपरेशनमध्ये टाके घातल्यावर बहुधा आणखी डोस लागत नाही. ते काम चिरेआधीच्या डोसने केलेलं असतं. लाली वाढली, पू आला, ताप चढला तर घरी गोळी सुरू न करता जखम दाखवायला या.