आमची वाटचाल : पिएर जानरे यांची वेताची खुर्ची

जुन्या खुर्च्यांचा वेत बदलून देण्यापासून आमचा कारखाना सुरू झाला. नवीन खुर्च्या करायचं ठरलं तेव्हा नमुना म्हणून निवडली ती चंदीगडची सागवानी खुर्ची. तिच्यात झाकलेलं काहीच नाही. भार कुठून कुठे उतरतो ते सुताराला नुसतं बघून कळतं.

वास्तुविशारद पिएर जानरे १८९६ साली जिनिव्हात जन्मले. १९२२पासून पॅरिसमध्ये नात्यातले भाऊ, वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्यासोबत त्यांची भागीदारी होती. फर्निचर डिझायनर शार्लोट पेरियाँ आल्यावर तिघांनी पोलादी नळ्यांचं फर्निचर केलं. १९५१ला जानरे चंदीगडचं नवं शहर उभारायला आले आणि १९६५पर्यंत तिथेच राहिले. कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ, सगळीकडे फर्निचर हवं होतं. त्यांनी नळ्या सोडल्या आणि साग, शिसव, वेत हाती घेतले. इथल्या सुतारांना जमेल आणि इथल्या हवेत टिकेल असं ते काम होतं. युली चौधरी यांच्यासारखे भारतीय वास्तुविशारद त्यात सोबत होते. १९६७ मध्ये जानरे जिनिव्हात वारले, पण त्यांच्या अस्थी चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित झाल्या.

या खुर्चीचा जीव तिच्या पायांत आहे. दोन तिरके पाय खुर्चीच्या हाताखाली एकत्र येतात, बैठकीची पट्टी त्यांना आडवी जोडते आणि त्रिकोण तयार होतो. त्रिकोण हलत नाही, म्हणून खाली जास्तीच्या आडव्या दांड्या लागत नाहीत. पाय टोकाकडे निमुळता असल्यामुळे लाकडाच्या तंतूंची रेघ पायाच्या लांबीला धरूनच हवी. रेघ आडवी गेली की टोकाचा टवका उडतो. साग १०–१२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेला लागतो. ओला वापरला तर कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक) आकसतो आणि सहा महिन्यांत सांधा कुरकुरतो. कडेचं पांढरं लाकूड आम्ही घेत नाही, त्याला भुंगा लागतो. पायांचे तळ जोडणी झाल्यावरच कापायचे: खुर्ची सपाट फळीवर पाचर लावून समतोल करायची, एका ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांवर रेघ मारायची, मग करवत. आधी कापले की खुर्ची हमखास डुगडुगते.

सर्वाधिक वेळ वेताला लागतो. सव्वादोन मिलिमीटर रुंदीच्या वेतासाठी बैठकीच्या लाकडी चौकटीत ५ मिलिमीटरची भोकं, मधे १२ मिलिमीटर अंतर. प्रत्येक भोकातून वेताच्या सहा पट्ट्या जातात: दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरप्या. भोक लहान पडलं की शेवटची तिरपी पट्टी शिरतच नाही. भोकं चौकटीच्या कडेला फार जवळ घेतली तर ताणाने लाकूड फाटतं. वेत कोमट पाण्यात १५–२० मिनिटं भिजवायचा. कोरडा वेत मोडतो, तासन्‌तास भिजला तर काळा पडतो. पहिल्या तीन फेऱ्या थोड्या सैल ठेवायच्या. त्या घट्ट ओढल्या तर चौथी फेरी विणताच येत नाही, आणि वाळताना वेत आपोआप आवळतो. तिरपी पट्टी चुकीच्या बाजूने घातली तर विणीतल्या चौकोनांच्या कोपऱ्यांवर अडकून घासते आणि तिची कड तिथेच पिंजते. त्या जागी बैठक सगळ्यात आधी तुटते. विणल्यावर एक पूर्ण दिवस कुणी बसायचं नाही.

वापरून बैठक सैल पडली तर खालच्या बाजूने ओला स्पंज फिरवून रात्रभर वाळू द्यावी. वरची बाजू चकचकीत असते, ती पाणी पीत नाही. म्हणून खालून पॉलिश आम्ही कधीच मारत नाही.

चंदीगडच्या मूळ खुर्च्यांवर सरकारी खात्याची अक्षरं आणि क्रमांक रंगवलेले असतात. आमच्या खुर्चीवर तसे क्रमांक घालून देत नाही, कुणी मागितले तरी. नवीन लाकूड जुनं दिसेल असा रंगही देत नाही.