हत्तीची मात कोणी शिकवेना : चाळिशीनंतर बुद्धिबळ शिकतानाचा माझा अनुभव

बुद्धिबळ शिकायला लागलेलं कोणी भेटलं की मी आधी एकच विचारते, "समोर एकटा राजा आणि तुमच्याकडे राजा नि एक हत्ती, तर मात करता येते का?" बहुतेक जण नकारार्थी मान हलवतात. मग विचारते, ओपनिंग, म्हणजे डाव सुरू करायच्या ठरलेल्या चाली, किती येतात? तिथे मात्र इटालियन, सिसिलियन, लंडन अशी नावं धडाधड येतात. हे पाहून मला अजूनही राग येतो, कारण या एका गोष्टीपायी माझे कित्येक महिने वाया गेले.

नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली. एकोणीस वर्षांची मुलगी, अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. त्या आठवड्यात आमच्या भागातल्या क्लासने मोठ्यांसाठी संध्याकाळची बॅच काढली आणि मी नाव घातलं. लहानपणी वडिलांनी मला देशी पद्धतीचा डाव शिकवला होता. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) नसतो, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. त्यामुळे मोहऱ्यांची ओळख होतीच. नवे नियम, दोन घरं जाणारं प्यादं, किल्लेकोट, आँ पासां (दोन घरं गेलेलं प्यादं एकच घर गेल्यासारखं मारणं), हे सगळं पटकन जमलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

अडलं ते पुढे.

क्लासच्या तीन लेव्हल होत्या. पहिल्या लेव्हलला दर आठवड्याला एक ओपनिंग. व्हॉट्सॲपवर पीडीएफ यायची, त्यातल्या दहा-बारा चाली पाठ करून यायच्या आणि त्या पटावर मांडून दाखवायच्या. पाठांतर मला जड गेलं नाही. पण प्रत्यक्ष डावात समोरचा चौथ्याच चालीला पीडीएफमध्ये नसलेलं काहीतरी खेळायचा आणि पाठ केलेलं सगळं तिथेच संपायचं. ती चाल वाईट का, तिला शिक्षा कशी करायची, हे पीडीएफमध्ये नव्हतं. विचारलं तर "ते हळूहळू कळेल" एवढंच उत्तर मिळायचं.

दुसऱ्या लेव्हलला जायचं तर एक फॉर्म होता. बॅचमधल्या दहा डावांपैकी सहा जिंकायचे, प्रत्येक डावापुढे सरांची सही घ्यायची, आणि फॉर्मच्या तळाशी जाड अक्षरात छापलेलं : बरोबरी धरली जाणार नाही. माझे डाव बरोबरीतच सुटायचे. हरत नव्हते मी, उलट बहुतेक डावांत मोहरे माझेच जास्त असायचे. पण पटावर दोन-तीन मोहरे उरले की पुढे काय करायचं, हे आम्हाला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

एक डाव तर जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. समोर अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शांत मुलगा. त्याचा एकटा राजा, माझा राजा आणि हत्ती. मी शह देतेय, त्याचा राजा एक घर सरकतोय, पुन्हा शह, पुन्हा एक घर. तो प्रत्येक चालीला कागदावर एक काडी मारत होता. मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून करतोय. पन्नास काड्या झाल्या आणि त्याने सरांना बोलावलं. नियम असा की दोन्ही बाजूंच्या सलग पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि एकही मोहरा मारला गेला नाही, तर खेळाडू बरोबरी मागू शकतो. मुलाचं काहीच चुकलं नव्हतं, नियम त्याला माहीत होता. सरांनी माझ्या फॉर्मवर 'बरोबरी' लिहून सही केली.

मी तिथल्या तिथे म्हटलं, "सर, ही मात कशी करायची ते दाखवा ना."

"मॅडम, एन्डगेम तिसऱ्या लेव्हलला आहे."

"पण तिसऱ्या लेव्हलला जायला दुसरी पाहिजे, आणि दुसरीला जायला डाव जिंकावे लागतात."

"तो सिलॅबस आहे."

यापुढे काय बोलणार! डाव जिंकल्याशिवाय पुढची लेव्हल नाही आणि पुढच्या लेव्हलशिवाय डाव जिंकायची विद्या नाही. काउंटरवर विचारलं तर पहिली लेव्हल पुन्हा करता येईल म्हणाले, पुनर्प्रवेशाला फीमध्ये सवलत होती. माझ्या बॅचमधले दोघे-तिघे ती सवलत घेऊन पुन्हा त्याच ओपनिंग पाठ करायला बसले. एका काकूंनी तर खेळच सोडला, "आपल्या डोक्याचं काम नाही" म्हणाल्या. मला त्यांचं सर्वांत वाईट वाटतं. त्यांचं डोकं उत्तम होतं, कॉम्बिनेशन, म्हणजे एकात एक गुंफलेल्या चाली, त्यांना माझ्याआधी दिसायचं. शिकवायचा क्रमच उलटा होता आणि त्याचा दोष त्यांनी स्वतःकडे घेतला.

मी पुनर्प्रवेशाचा फॉर्म घरी आणला आणि भरला नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. संध्याकाळी पार्किंगमधल्या बाकावर पट मांडून बसलेले असतात. मी जाऊन सरळ विचारलं, "अण्णा, हत्तीची मात शिकवाल का?"

"बसा ताई," म्हणाले, आणि पटावरचे सगळे मोहरे उचलून फक्त तीन ठेवले. "आधी शह द्यायचं बंद करा."

तिथेच अर्धं कोडं सुटलं. शह देऊन राजा कोपऱ्यात जात नाही, तो हवा तिकडे पळतो. हत्तीने आधी कुंपण घालायचं : राजाच्या अलीकडची अख्खी ओळ अडवायची आणि हत्ती तिथेच ठेवायचा. मग आपला राजा चालत न्यायचा. दोन्ही राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर आले, की तेव्हाच शह. त्याच्या राजाला पुढच्या तीन घरांत यायला आपला राजा देत नाही, म्हणून त्याला एक ओळ मागे जावंच लागतं. त्याचा राजा हत्तीच्या अंगावर आला, तर हत्ती त्याच ओळीत पार दुसऱ्या टोकाला न्यायचा. असं करत करत शेवटच्या ओळीपर्यंत.

आणि राजे समोरासमोर येतच नसतील तर? याचं उत्तर अण्णांनी पटावर मांडून दाखवलं, तुम्हीही मांडून बघा. (उभ्या ओळींना ए ते एच अक्षरं, आडव्या ओळींना १ ते ८ आकडे.) पांढरा राजा डी६, पांढरा हत्ती एफ१, काळा राजा ई८, चाल पांढऱ्याची. इथे शह द्यायचा नाही. हत्ती नुसता एफ१वरून एफ२वर, एक घर. काळ्या राजाला एफच्या उभ्या ओळीत जाता येत नाही, डी७ आणि ई७ आपल्या राजाने धरलेत, उरलं फक्त डी८. तिथे तो गेला की राजे समोरासमोर. हत्ती एफ८, मात! ती मधली काहीच न करणारी चाल हीच सगळी किल्ली आहे. समोरच्याला खेळावंच लागतं, या नियमाचा आपण फायदा घेतो.

कुठल्याही स्थितीतून, दोघांनीही अचूक खेळ केला तर, एकट्या हत्तीची मात जास्तीत जास्त १६ चालींत होते. वजिराची १०. पन्नास चालींची सवलत म्हणजे किती मोठी, हे तेव्हा कळलं. हे शिकायला मला एक संध्याकाळ लागली. एक संध्याकाळ! आणि ते तिसऱ्या लेव्हलला ठेवलं होतं.

वजिराचं निघालं म्हणून सांगते, स्टेलमेट टाळायची सोपी खूण : समोरचा राजा कोपऱ्यात असेल, तर त्याच्यापासून घोड्याच्या चालीएवढ्या अंतरावर वजीर ठेवू नका. राजा ए८वर आणि तुमचा वजीर बी६ किंवा सी७वर असला, की शह नाही आणि हलायला जागाही नाही. जिंकलेला डाव बरोबरीत.

डाव शेवटाकडून शिकावा, हे काही अण्णांचं एकट्याचं मत नाही. १९२१ ते १९२७ जगज्जेता असलेला क्युबाचा कापाब्लांकाही हेच सांगायचा. आणि सिंगापूरला १२ डिसेंबर २०२४ रोजी काय झालं, ते आठवा. गुकेश आणि डिंग लिरेन, जगज्जेतेपदाचा सामना, चौदावा डाव, गुण सारखे. डिंगचं एक प्यादं कमी होतं, तरी तो सहज बरोबरी करेल असंच सगळे धरून चालले होते. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती एफ२वर आणून हत्तीला हत्ती देऊ केला. गुकेशने हत्ती मारला, मग उंटही उंटाला भिडवला, आणि उरले दोन राजे, गुकेशची दोन प्यादी, डिंगचं एक. तो राजा-प्याद्यांचा डाव जिंकलेला आहे, हे गुकेशने हेरलं. तीन चालींनी डिंगने डाव सोडला. अण्णांकडे राजा-प्यादं शिकल्यावर मी तो शेवट पटावर मांडला आणि माझा मला समजला. त्या आनंदाला तोड नाही.

खर्चाचं राहिलंच. गुंडाळता येणारा पट आणि प्लास्टिकचे मोहरे हजाराच्या आत मिळतात. लाकडी, शोभेचा संच घेऊ नका. राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच आणि घर पाच-साडेपाच सेंटिमीटरचं असावं, म्हणजे स्पर्धेत नजरेला वेगळं वाटत नाही. सरावाला लिचेस हे संकेतस्थळ आहे. पूर्ण मोफत, आणि त्यात हत्तीची, वजिराची, दोन उंटांची मात संगणकाविरुद्ध घोटता येते. फक्त फोनवर शिकू नका, फोनवरचा पट वरून दिसतो, खरा पट तिरका. आणि घरीसुद्धा हात लावलेला मोहरा खेळायची सवय ठेवा.

फायद्यांबद्दल क्लासच्या जाहिरातीत फार काही असतं : गणित सुधारतं, बुद्ध्यांक वाढतो. इंग्लंडमध्ये शंभर शाळांत मोठी चाचणी झाली होती. २०१६ मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत बुद्धिबळ शिकलेल्या मुलांच्या गणितात वर्षभरानंतर फरक दिसला नव्हता. म्हणून मुलाचे मार्क वाढतील या आशेने फी भरू नका. माझ्यात जो फरक पडला तो वेगळा आहे. समोरच्याने चाल केली की आधी "ही का केली असेल?" असं विचारायची सवय लागली आणि ती ऑफिसातही टिकली. कोणाचं तिरकस ईमेल आलं तर मी लगेच उत्तर देत नाही. संध्याकाळचा दीड तास फोनविना जातो. आणि हरल्यावर समोरच्याशी हात मिळवून "कुठे बिघडलं, दाखवाल?" म्हणता येतं. हे चाळिशीनंतर शिकायला मिळालं याचं मला खरंच अप्रूप आहे.

त्या काकूंना मी अण्णांच्या बाकावर घेऊन आले. आता त्या माझ्यापेक्षा बऱ्या खेळतात.

क्लास लावायचाच असेल, तर पैसे भरण्याआधी पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम लेखी मागा. त्यात वजिराची मात, हत्तीची मात, राजा-प्यादं विरुद्ध राजा आणि स्टेलमेट एवढं असेल तर नाव घाला. "ते पुढच्या लेव्हलला" असं उत्तर आलं, तर फॉर्म न भरता परत या आणि जवळपास कोणी पट मांडून बसतं का ते शोधा. शिकवायला ते बहुतेक आनंदाने तयार होतात.