आधी लॉक, मग पैसे: जुना फोन घेतानाचा माझा अनुभव

वापरलेला फोन ऑनलाइन घ्यायचा म्हटलं की सगळे एकच विचारतात, समोरचा माणूस खरा आहे हे ओळखायचं कसं? मी सांगते, माणूस ओळखायच्या भानगडीत पडू नका, फोन ओळखा. ज्या काकांकडून मी शेवटी फोन घेतला ते अतिशय सरळ गृहस्थ निघाले. पण पहिल्या भेटीत ते जे जे बोलले, ते एखादा चोरही शब्द न बदलता बोलला असता.

त्याआधीची चाळणी फारशी अवघड नव्हती. एकाला फोन 'राखून ठेवायला' आगाऊ रक्कम हवी होती, त्याला सोडलं. दुसऱ्याने कुरिअर कंपनीच्या नावाची लिंक पाठवली आणि ते पान थेट कार्डाचा नंबर मागत होतं. तिसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहेत ते शोधून पाहिलं, तर तेच फोटो भलत्याच जाहिरातीत दिसले. फोटोबद्दल शंका असेल तर विक्रेत्याला सांगायचं, आजची तारीख कागदावर लिहा, तो कागद फोनशेजारी ठेवा आणि नवा फोटो काढून पाठवा. ज्याच्या हातात फोन आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे. ज्याच्याकडे नाही तो चिडतो किंवा गप्प होतो.

काकांनी असा फोटो लगेच पाठवला. दिवसाढवळ्या, वर्दळीच्या ठिकाणी भेटलो. फोन छान होता, ओरखडासुद्धा नव्हता. "सगळा पुसून, कोरा करून आणलाय," ते म्हणाले. मी चालू केला, भाषा निवडली, वायफायला जोडला आणि पडद्यावर आलं की हा फोन जुन्या मालकाच्या खात्याला (म्हणजे फोन ज्या ॲपल किंवा गूगल खात्यावर चालतो त्याला) बांधलेला आहे, त्याचा ईमेल आणि पासवर्ड टाका.

हे लॉक काय आहे ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. आयफोनमध्ये २०१३ पासून ॲक्टिव्हेशन लॉक आहे, अँड्रॉइडमध्ये ५.१ या आवृत्तीपासून फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन. चोराने फोन पुसला तरी तो त्याच्या कामाचा राहू नये, यासाठीच ही सोय आहे. म्हणून 'फोन कोरा केलाय' या वाक्याला काही किंमत नाही. सेटिंगमध्ये जाऊन, पासवर्ड देऊन, रीतसर पुसलेल्या फोनवरचं लॉक निघतं. संगणकाला जोडून किंवा बटणं दाबून जबरदस्तीने पुसलं तर डेटा जातो, पण लॉक तसंच राहतं. काकांचा फोन बरेच महिने कपाटात पडून होता आणि त्याचा पासकोडही (पडदा उघडायचा आकडा) ते विसरले होते. म्हणून त्यांच्या पुतण्याने तो संगणकावरून पुसला होता.

"पासवर्ड घरी वहीत आहे. तुम्ही पैसे द्या, फोन घेऊन जा, मी रात्री कळवतो," काका म्हणाले.

मी म्हणाले, "काका, फोन तुमच्याकडेच राहू द्या. लॉक निघालं की लगेच येते आणि तिथेच पूर्ण पैसे देते."

त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही अवघडल्यासारखं झालं. पण चोरीचा फोन विकणारा आणि पासवर्ड खरोखर विसरलेला माणूस, दोघेही हेच म्हणणार. घेणाऱ्याला दोघांतला फरक कळायला काही मार्ग नसतो. पैसे हातातून गेले की मग फक्त वाट पाहणं उरतं.

वहीतला पासवर्ड जुना निघाला. मग सुरू झालं खातं परत मिळवण्याचं प्रकरण, आणि त्या वाट पाहण्याने माझा अंत पाहिला. कंपनीच्या पानावर अर्ज भरला. उत्तर आलं की थांबा, काही दिवस लागतील, जास्तही लागू शकतात. मदत केंद्राला फोन केला तर हा काळ आमच्याकडून कमी होत नाही म्हणाले. मुद्दाम ठेवलेली ही वाट कशासाठी ते मला पटतं. तुमचं खातं दुसराच कोणी बळकावू पाहत असेल, तर तुम्हाला सूचना मिळावी आणि अर्ज रद्द करता यावा म्हणून ती असते. पटत असलं तरी रोज सकाळी काकांना "आलं का काही?" विचारायचा मला वैताग आला होता.

मध्येच त्यांच्या शेजाऱ्याने एक वेबसाइट सुचवली. आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि थोडे पैसे द्या, म्हणे लॉक उघडून मिळेल. मी काकांना हात जोडून थांबवलं. असल्या बऱ्याच साइट पैसे घेऊन गायब होतात.

आणि मग अर्जच रद्द झाला! कारण काय, तर वाट पाहण्याच्या काळात ते खातं कुठेतरी वापरलं गेलं. खातं वापरात दिसलं की मालकाला ते सापडलंय असं धरून अर्ज आपोआप रद्द होऊ शकतो. पुन्हा अर्ज, पुन्हा पहिल्यापासून वाट. मदत केंद्रातल्या माणसाने मला हे अगदी शांतपणे सांगितलं, पण 'मग ते कुठे चालू आहे, शोधा' असं त्याने एकदाही म्हटलं नाही. त्याचा राग मला अजूनही आहे. तो एक प्रश्न विचारला असता तर सगळं त्याच दिवशी संपलं असतं.

तो प्रश्न शेवटी मीच विचारला. "काका, घरात आणखी कुठल्या यंत्रावर तुमचं खातं आहे?" आधी नाही म्हणाले. मग आठवलं, नातवाचा टॅब. तो काकांच्याच खात्यावर सुरू करून दिला होता आणि नातू त्यावर रोज खेळत होता. ज्या टॅबमुळे अर्ज रद्द झाला, त्याच टॅबमध्ये खातं उघडं होतं. अशा यंत्राचा पासकोड माहीत असेल तर त्याच्या सेटिंगमधून खात्याचा पासवर्ड सरळ बदलता येतो, अर्जाची गरजच नाही. पासकोड नातवाला पाठ होता. चहा गार व्हायच्या आत काम झालं. हे मला सुचलं याचा मला अभिमान वाटतो, तो मी लपवत नाही.

त्या धावपळीत काकांच्या मोबाइलवर एक कोड आला आणि ते तो मला फोनवर वाचून दाखवायला लागले. मी म्हटलं, मलाही सांगू नका. तुम्ही काही विकत असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा. 'तुम्ही खरे आहात का बघतो, आलेला कोड सांगा' म्हणणारा गिऱ्हाईक नसतो, त्याला तुमचं खातं हवं असतं. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉटही पुरावा नव्हे, आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः पाहायची. आणि 'चुकून जास्त गेले, वरचे परत करा' म्हटलं की थांबायचंच, कारण ती मूळ रक्कमच नंतर रद्द होऊ शकते.

पुन्हा भेटलो तेव्हा काकांनी माझ्यासमोर फोन त्यांच्या खात्यातून काढला. आयफोन असेल तर विक्रेता दूर असला तरी हे ॲपलच्या वेबसाइटवरून करता येतं, फक्त 'पुसा' आणि 'खात्यातून काढा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बरेच जण पहिलीवरच थांबतात. मग मी फोन माझ्या खात्यावर सुरू केला, माझं सिम घालून एक फोन लावला आणि *#०६# दाबून आलेला पंधरा आकडी आयएमईआय खोक्यावरच्या नंबरशी ताडून पाहिला. तो चोरीच्या यादीत नाही हे आधीच तपासलं होतं. सुरू करताना 'हा फोन एका संस्थेच्या नियंत्रणात आहे' असं आलं असतं तर मी तसाच परत दिला असता, कारण कचेरीने दिलेला फोन पुसला तरी तिच्याच ताब्यात राहू शकतो. एवढं झाल्यावर पैसे दिले.

एक राहिलंच. मूळ खरेदीची पावती विक्रेत्याकडून मागून घ्या, निदान तिचा फोटो तरी. काही कंपन्या खरेदीचा पुरावा पाहून लॉक काढून देतात. काकांकडे पावती असती तर तोही रस्ता होता, पण ती केव्हाच हरवली होती. मी आता त्यांच्याकडून विक्रीची चिठ्ठी सहीनिशी, आयएमईआय नंबर घालून लिहून घेतली आहे आणि ती खोक्यातच ठेवली आहे.